पुरुमेंताच्या दिवसांत फ्लूची लस: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

गेल्या अंकात पावसाळी तापांबद्दल लिहिलं, त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं फ्लूच्या लसीविषयीच आहेत. मे अर्ध्यावर आलाय. बाजारात सुकी मासळी, आमसुलं, मिरच्या यांचं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायला गर्दी सुरू झालीय. गोव्यात या लसीसाठी हेच दिवस सर्वांत चांगले. म्हणून बाकीचे विषय पुढच्या महिन्यावर ठेवून या वेळी हीच पत्रं घेते.

डिचोलीहून एक भगिनी लिहितात: यजमान ६८ वर्षांचे आहेत. बरीच वर्षं मधुमेह, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी, रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू. त्यांच्या डॉक्टरांनी फ्लूची लस घ्यायला सांगितलंय, पण हे म्हणतात, ‘पडशाला कसली सुई?’ शिवाय शेजारच्या भाऊंनी लस घेतली होती, तरी ऑगस्टमध्ये ते आठवडाभर अंथरुणात होते. ह्यांना काय सांगू?

ताई, त्यांना आधी हृदयाचं सांगा, पडशाचं नंतर.

पडशात नाक गळतं, घसा खवखवतो, माणूस कुरकुरत का होईना कामावर जातो. फ्लू तसा येत नाही. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी १०२-१०३ तापाने फणफणतो, अंग ठेचून काढल्यासारखं दुखतं, न्हाणीपर्यंत जायचं त्राण राहत नाही. तरुण माणूस आठवड्याभरात उठून बसतो. खोकला आणि थकवा त्यानंतरही दोन आठवडे रेंगाळतो, पण तो सावरतो. तुमच्या यजमानांच्या बाबतीत मला काळजी त्या तापाची नाही, त्या तापात हृदयावर येणाऱ्या ताणाची आहे. विषाणूशी झगडताना सगळ्या शरीरात दाह उसळतो. ठोके वाढतात, हृदयाला प्राणवायू जास्त लागतो, रक्त गुठळी धरायला सोकावतं, आणि रक्तवाहिनीच्या आत बसलेला चरबीचा थर फुटण्याची शक्यता वाढते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत फ्लू असल्याचं नक्की झालेल्या माणसांना पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण त्यांच्याच एरवीच्या दिवसांपेक्षा सहा पट निघालं. ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

याची दुसरी बाजूही तपासली गेली आहे. बांगलादेशासह आठ देशांत, बहुतांशी नुकताच झटका येऊन गेलेल्या रुग्णांना इस्पितळात असतानाच अर्ध्यांना फ्लूची लस दिली आणि अर्ध्यांना नुसतं खारं पाणी टोचलं. २०२१ साली निष्कर्ष आले. वर्षभरात लस न मिळालेल्यांपैकी शंभरात साधारण पाच जण दगावले, लस मिळालेल्यांपैकी तीन. तुमच्या यजमानांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ही लस सुचवली ती अशा पुराव्यांमुळे. कोलेस्टेरॉलची गोळी ते जितक्या निमूटपणे घेतात, तितक्याच निमूटपणे ही सुईही घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मधुमेहाचं वेगळंच. तापात साखर चढते, जेवण मात्र सुटतं. मग घाबरून कोणी इन्सुलिन बंद करतं, कोणी रिकाम्या पोटी गोळी घेतं. दोन्ही धोक्याचं आहे. आजारी पडल्यावर दिवसातून तीन-चार वेळा साखर बघा, पेज, सूप, पाणी थोडं थोडं पोटात जाऊ द्या आणि गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा. इन्सुलिन आपल्या मनाने कधीच थांबवू नका.

आता शेजारच्या भाऊंविषयी. लोकांत फिरणारा विषाणू आणि लसीतला विषाणू जुळतात त्या वर्षी ही लस डॉक्टरकडे जावं लागेल इतका फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. म्हणजे लस घेतलेल्यालाही फ्लू होऊ शकतो. पण झालाच तर इस्पितळात जाण्याची, अतिदक्षता विभागात पोचण्याची वेळ कमी येते, आणि आपल्याला मुख्यतः तेच टाळायचं आहे. शिवाय भाऊंना झाला तो फ्लूच होता हे कशावरून? ऑगस्टमध्ये आपल्याकडे डेंग्यू असतो, शेतात उतरणाऱ्यांना लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) असतो, कोविड असतो, आणि पडसं-खोकला देणारे आणखी कितीतरी विषाणू असतात. ही लस फक्त इन्फ्लुएन्झाची, म्हणजे फ्लूची आहे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे लस अडत नाही, आणि लसीसाठी त्या बंदही करायच्या नाहीत. अँजिओप्लास्टीनंतरची गोळी मनाने सोडणं हा फ्लूपेक्षा मोठा धोका. फक्त देणाऱ्याला आधी सांगा. बारीक सुईने दंडात अर्धा मिलिलिटर औषध जातं. नंतर कापूस दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचा, चोळायचं नाही. उपाशी राहायची गरज नाही. त्या दिवशी साखर थोडी जास्त आली म्हणून माघारी फिरू नका. एक-दोन दिवस दंड ठणकेल, कदाचित कणकण येईल. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होऊच शकत नाही. आणि त्याच भेटीत न्यूमोनियाच्या, म्हणजे न्यूमोकॉकसच्या लसीबद्दलही विचारून घ्या. ती दरवर्षी लागत नाही, आणि दोन्ही एकाच दिवशी दोन दंडांत देता येतात.

म्हापशाहून एक टॅक्सी व्यावसायिक लिहितात: मला लहानपणापासून दमा. मोपा आणि दाबोळी, दोन्ही विमानतळांवर भाडी असतात. लंडनला असलेला पुतण्या म्हणतो, लस ऑक्टोबरात घ्यायची असते. इथले डॉक्टर म्हणतात आत्ताच घे. कोणाचं खरं? आणि दवाखान्यात दीड-दोन हजार रुपये सांगतात, ते दरवर्षी घालवायचे का?

दोघांचंही खरं आहे, आपापल्या जागी. पुतण्याकडे फ्लूचा हंगाम थंडीत येतो, म्हणून तिकडे ऑक्टोबर. आपल्या देशात दोन उसळ्या दिसतात. एक जानेवारी ते मार्च, दुसरी पावसात. श्रीनगरला थंडीत जोर असतो, पुण्यात तो जुलै ते सप्टेंबर दिसतो, आणि कोकण-गोव्याचा पाऊस त्याच नैर्ऋत्य वाऱ्यांचा आहे. लस टोचल्यावर शरीराची तयारी व्हायला दोन आठवडे लागतात, आणि काही महिन्यांनी ती तयारी ओसरू लागते. हिशेब सरळ आहे. मिरगाच्या, म्हणजे जूनच्या सुरुवातीच्या मृग नक्षत्राच्या आधी किंवा त्याच सुमाराला घेतलेली लस चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या गर्दीपर्यंत चांगली साथ देते.

दरवर्षी का, तर हा विषाणू अंगावरचं कवच सतत बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा बसतात. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या लसीत काय घालायचं ते ठरवतात, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धाच्या. पावसाआधी आपल्याकडे सहसा दक्षिण गोलार्धाची ताजी लस मिळते. पेटीवर वर्ष आणि गोलार्ध छापलेला असतो, त्याखाली मुदत संपण्याची तारीख असते. टोचण्यापूर्वी पेटी हातात घेऊन वाचा. चांगला दवाखाना ती आनंदाने दाखवतो. चार घटकांची आणि तीन घटकांची, म्हणजे फ्लूच्या चार किंवा तीन विषाणूंविरुद्धची, अशा दोन प्रकारच्या लसी तुम्ही ऐकल्या असतील. चारातला एक, बी-यामागाटा नावाचा, मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीने सापडलेला नाही. म्हणून आता संघटनाच तीन घटकांची लस पुरेशी आहे असं सांगते. केवळ ‘चार’ लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका.

तुमच्या धंद्याचं एक वैशिष्ट्य आहे. नोव्हेंबर ते मार्च तुमच्या मागच्या सीटवर थंड देशांतून आलेली माणसं बसतात, आणि तिकडे तेव्हा फ्लूचाच हंगाम असतो. म्हणजे तुम्हाला दोन्ही हंगाम लागू आहेत. तरीही वर्षाला एकच लस पुरे, नेहमीच्या सल्ल्यात दुसरी नाही. ती आत्ता घ्या, आणि थंडीत काळजी वाढवा. प्रवासी खोकत असेल तर एसी बंद करून दोन्ही बाजूंच्या काचा उतरवा, स्वतः एन-९५ मास्क लावा, भाडं उतरल्यावर हात साबणाने धुवा, दाराच्या कड्या आणि बेल्टचं बकल पुसून घ्या. स्टील-प्लॅस्टिकवर हा विषाणू दिवसभर, कधी जास्तही टिकतो.

दम्यासाठी दोन गोष्टी. नाकात फवारायची लसही असते, तिच्यात दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो. ती तुमच्यासाठी नाही, तुम्ही इंजेक्शनचीच घ्या. आणि ओढायचा स्टेरॉइडचा पंप पावसाळाभर एक दिवसही चुकवू नका. बरं वाटतंय म्हणून पंप डॅशबोर्डच्या खणात टाकून ठेवणारे बरेच जण जुलैत रात्री दोन वाजता धापा टाकत माझ्याकडे येतात.

पैशांचं मला समजतं. ही लस राष्ट्रीय लसीकरणाच्या नेहमीच्या यादीत नाही, त्यामुळे बहुतेकांना खिशातूनच खर्च करावा लागतो. आधी आपल्या आरोग्य केंद्रात चौकशी करा. पण विकत घ्यावी लागली आणि घरात एकालाच परवडत असेल, तर ती दम्याच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णाला द्या, किंवा वयाने साठी-पासष्टी ओलांडलेल्याला. धडधाकट माणसाची पाळी नंतर.

फोंडा तालुक्यातून एक सासूबाई लिहितात: सून पाचव्या महिन्यात आहे. तिच्या डॉक्टरीण फ्लूची लस घ्यायला सांगतात. बाळाला काही झालं तर? आणि आमच्या घराण्याची चवथ म्हणजे मुंबई-पुण्याहून चाळीस माणसं येतात.

तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत, काकी, कारण अनेक घरांत ही सुई सासूच्या एका ‘नको’मुळे राहून जाते.

गर्भारपणात वर सरकलेल्या गर्भाशयामुळे फुप्फुसांना जागा कमी पडते, हृदयावर काम वाढलेलं असतं आणि प्रतिकारशक्तीही थोडी बदललेली असते. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत जगभर गर्भवती स्त्रिया इतरांपेक्षा जास्त गंभीर झाल्या, हे आम्ही डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिलंय. इंजेक्शनची लस कोणत्याही महिन्यात चालते आणि अनेक वर्षं लाखो गर्भवतींना ती दिली गेली आहे. बाळाचा यात दुहेरी फायदा आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला जे संरक्षण मिळायचं ते आईच्या रक्तातून नाळेवाटे आलेलं. पाचव्या महिन्यात घेतलेली लस बाळंतपणानंतरही बाळाच्या कामी येते. बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याच्या स्वतःच्या लसीबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा. पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.

आणि चवथीला सुनेला माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली) बसवून प्रत्येकाच्या पाया पडायला लावू नका, एवढं मी हक्काने सांगते. फ्लूचा रोगी लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू पसरवत असतो, त्यामुळे ‘मला काही नाही’ म्हणणारा पाहुणाही घेऊन आलेला असू शकतो. ज्याला ताप-खोकला आहे त्याने या वर्षी दर्शन फोनवर घ्यावं, असं निमंत्रण देतानाच सांगून टाका. तुम्ही घरातल्या मोठ्या आहात, तुम्ही सांगितलं तर कोणी वाईट वाटून घेणार नाही. सुनेला वेगळी, खिडक्यांची खोली द्या. तिला ताप आलाच तर पॅरासिटामॉल चालेल, पण त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना कळवा. फ्लूवरचं औषध गर्भारपणातही देतात, ते जितकं लवकर तितकं चांगलं.

मडगावहून एका वाक्याचं पत्र: मला अंड्याची ॲलर्जी आहे, डायलिसिसही चालू आहे, लस चालेल का?

चालेल, आणि तुम्ही ती आवर्जून घ्यायला हवी. बऱ्याच लसी कोंबडीच्या अंड्यांत वाढवलेल्या विषाणूपासून करतात हे खरं, पण त्यात उरणारा अंश इतका नगण्य असतो की आता अंड्याच्या ॲलर्जीमुळे लस टाळत नाहीत. आधी सांगा आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. यापूर्वी फ्लूच्याच लसीने जिवावरची ॲलर्जी आली असेल तर मात्र घ्यायची नाही. पूर्वी लसीनंतर सहा आठवड्यांत हातपाय लुळे पडण्याचा गियां-बारे नावाचा आजार झाला असेल तर आधी तज्ज्ञांशी बोला. डायलिसिसवर आहात म्हणून एक आठवण: अंगदुखीवर फार्मसीतून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका. डायलिसिसच्या हाताला सुई टोचू देऊ नका, लस दुसऱ्या दंडात घ्या.

सत्तरी तालुक्यातून एक नातू लिहितो: आजी ८२ वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. तालुक्याच्या गावी नेणं कठीण आहे. घरात कोणाला फ्लू झाला तर तिला कसं वाचवायचं? आई कषाय, म्हणजे काढा देते, बाबा फार्मसीतून अँटिबायोटिक आणतात. लस घरी आणून देता येईल का?

बाळा, वयस्कर माणसांचा फ्लू ओळखायला अवघड असतो, ते आधी सांगते. गेल्या श्रावणात एका आजींना घरच्यांनी माझ्याकडे आणलं. ताप नव्हता. दोन दिवस पेजेची वाटी पुढ्यातून सारत होत्या, न्हाणीत जाताना तोल गेला, संध्याकाळी सुनेला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. घरच्यांना वाटलं, वय झालं. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर रक्तातला प्राणवायू ८९. स्वॅबमध्ये, म्हणजे नाका-घशातल्या स्रावाच्या तपासणीत, इन्फ्लुएन्झा ए निघाला. इस्पितळात प्राणवायू आणि औषध वेळेवर मिळालं, त्या वाचल्या. पण आधाराशिवाय तुळशीपर्यंत चालायला त्यांना दिवाळी उजाडली. तेव्हा तुझ्या आजीचं खाणं अचानक सुटलं, ती भलतंच बोलू लागली, नेहमीपेक्षा जास्त झोपू लागली, तर ताप नसला तरी डॉक्टरांना बोलाव. ऑक्सिमीटर ९४ च्या खाली गेला, श्वास भराभर चालू लागला, छातीत दुखलं, ओठ-नखं निळसर झाली किंवा थुंकीत रक्त आलं, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरव. वाळपईचं इस्पितळ असो की बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ, वाट बघत बसू नकोस.

फ्लूवर ओसेल्टामिविर नावाचं औषध आहे. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतलं तर सर्वांत उपयोगी, पण जोखमीच्या रुग्णाला आम्ही उशीर झाला तरी देतो, स्वॅबच्या निकालासाठी थांबत नाही. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं. अँटिबायोटिक विषाणूला काही करत नाही. फ्लूच्या पाठोपाठ जंतूंचा न्यूमोनिया झाला तरच ते लागतं, आणि ते छाती तपासून ठरतं. बाबांना हे समजावून सांग. आईचा कषाय चालू राहू दे, घशाला आराम पडतो आणि पोटात पाणी जातं, पण त्याच्या भरवशावर पहिले दोन दिवस जाऊ देऊ नका. आणि तुमच्या तालुक्यात उन्हाळ्यात रानात, काजूच्या भाटात (बागेत) गेलेल्या माणसाला ताप आला तर गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाचाही विचार करावा लागतो. फ्लूच्या लसीचा त्याच्याशी काही संबंध नाही. डॉक्टरांना रानात गेल्याचं न विसरता सांगा.

घरात कोणी आजारी पडलं तर त्याने आजीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, निदान पाच-सात दिवस. आजीचं भरवणं, पुसणं एकाच निरोग्या माणसाने करावं, मास्क लावून, आधी हात साबणाने वीस सेकंद चोळून. खिडकी पावसातही फटीपुरती उघडी हवी. आजी घराबाहेर जात नाही, म्हणजे फ्लू तिच्याकडे येणार तो तुमच्यापैकीच कोणाच्या तरी श्वासातून. म्हणून जमत असेल तर तिची सेवा करणाऱ्या माणसानेही लस घ्यावी. लहान भावंडं शाळेत जात असतील तर त्यांनीही.

लस घरी देता येते, पण ती सांभाळून न्यायला हवी. तिला २ ते ८ अंश तापमान लागतं. फार्मसीच्या चालू फ्रीजमधून काढून थेट थर्मोकोलच्या पेटीत ठेवायची, बर्फाच्या पाकिटाला चिकटू द्यायची नाही, मध्ये जाड कापड घालायचं. गोठलेली लस वाया गेली असं समजून टाकून द्यायची, वितळवून वापरायची नाही. आदल्या दिवशी आणून घरच्या फ्रीजमध्ये ठेवू नकोस, सत्तरीत पावसाआधीच्या वाऱ्यात वीज किती वेळा जाते ते तुला ठाऊक आहे. आरोग्य केंद्रात विचारून नर्स किंवा डॉक्टर कधी येतील ती वेळ आधी ठरव, आणि त्याच सकाळी लस आण. ॲलर्जीवरचं इंजेक्शन त्यांच्या पिशवीत आहे का ते विचार, आणि टोचल्यावर त्यांना अर्धा तास थांबव. आजीच्या दंडावर मांस राहिलं नसेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला देता येते. आजीला त्या दिवशी ताप असेल तर चार दिवस पुढे ढकला. तारीख आणि लसीचं नाव तिच्या औषधांच्या फायलीत लिहून ठेव, पुढच्या मे महिन्यात तेच पान उघडावं लागेल.